फिल्मची डावी बाजू

मॅडम, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना तुमचं नावसुद्धा ठाऊक नाही. आता मेंदूचा स्कॅन झाला की आमच्या आधी संगणक तो वाचतो, संशयाच्या जागी रंगीत गोल काढून ठेवतो, आणि मग आम्ही बघतो. काल त्या मुलांपैकी एकीनं विचारलं, "मॅडम, दोघांचं पटलं नाही तर खरं कोणाचं धरायचं?" मी काहीतरी पुस्तकी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. माझ्याजवळ जे उत्तर आहे ते तुमच्याशिवाय कोणाला सांगावं असं मला वाटत नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. धंतोलीतल्या त्या सेंटरमध्ये नागपुरातलं स्कॅनचं मशीन नवंनवं होतं, आणि त्याच्या फिल्म वाचणाऱ्या तुम्ही. मी नुकतीच शिकून आलेली. माझे वडील हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे, घरात पहिली डॉक्टर मी, त्यामुळे चुकायची भीती इतरांपेक्षा जरा जास्तच. तुमच्या खोलीत पडदे ओढलेले असत. भिंतीवर पांढऱ्या उजेडाची पेटी, तिच्यावर फिल्म, आणि त्या उजेडात फक्त तुमचा चेहरा दिसे. पहिल्याच आठवड्यात मी पाकिटावरचं नाव आणि तक्रार वाचून मग फिल्मकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही केवढ्या खेकसलात! "आधी कागद काहून वाचून राहिली वं? कागद वाचला की जे लिहिलंय तेच दिसते. आधी फिल्म पाय. सगळी पाय. पाहून झालं असं वाटलं की पुन्हा पाय." रिपोर्ट सांगताना तुमचं इंग्रजी कडक इस्त्रीचं असे, आणि रागवायचं किंवा लाड करायचे झाले की अस्सल नागपुरी.

मग मुंबईहून तो इंजिनिअर आला. मुलगा सरळ होता, तुम्हाला वाकून नमस्कार करायचा. त्यानं लिहिलेला प्रोग्रॅम मेंदूचा डावा अर्धा उजव्या अर्ध्याशी ताडून बघायचा आणि जिथं फरक सापडेल तिथं कागदावर फुल्या छापायचा. तुम्हाला त्याची गंमत वाटायची. "अरे बाबा, माणसाचे दोन कान सारखे नसतात, मेंदू कुठून सारखा असेल?" आणि खरंच, ते मशीन चांगल्या डोक्यांवर रोज फुल्या उठवायचं. तुम्ही फिल्म बघायच्या, "नॉर्मल" म्हणायच्या, आणि दर वेळी तुमचंच खरं निघायचं. त्या मुलाला ताडून बघायला निरोगी डोकी हवी होती, म्हणून हिवाळ्यात आम्ही काही जणांनी आपापली डोकी स्कॅनच्या मशीनमध्ये घातली. तुम्हीही हसतहसत झोपलात. त्या फिल्म नाव न घालता तुमच्यापुढे ठेवल्या गेल्या, तुम्ही एकटीनं वाचल्या, सगळ्या नॉर्मल म्हणालात. त्यातल्या एकीवर मशीननं फुल्यांचा गठ्ठाच उठवला होता. इंजिनिअरनं मान हलवली आणि ती मशीनच्या चुकांच्या पाकिटात टाकली.

उन्हाळा लागला. मे महिन्यातली दुपार, बाहेर डांबर वितळतंय. तुम्ही रिक्षातून उतरून आत येता, आणि तुमच्या डाव्या पायात चप्पल नसते. तळव्याला फोड आलेला. मी ओरडते, तुम्ही पायाकडे बघता, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे, आणि म्हणता, "रिक्षात राहिली असेल." मी पाय धुऊन मलम लावून दिलं. तुम्हाला दुखत कसं नव्हतं, हे माझ्या मनात आलं, पण उन्हाळ्यात माणूस थकतो अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हिंगण्याहून घरी जाताना मोटरसायकलवरून पडलेल्या एका तरुण कामगाराला आणलं. मशीननं एका कडेला वरपासून खालपर्यंत फुल्या ओढल्या. तुम्ही फिल्म पाहिली आणि म्हणालात, "नॉर्मल." मी तुमच्या मागे उभी होते. फिल्मच्या डाव्या कडेला, कवटीच्या आतून, साकळलेलं रक्त पांढऱ्या चंद्रकोरीसारखं दिसत होतं. पहिल्या वर्षाच्या मुलालाही दिसलं असतं.

"मॅडम, डावीकडे..."

"कुठे?"

मी बोट टेकवलं. तुमची नजर माझ्या बोटापर्यंत आली, मध्येच थांबली, आणि उजवीकडे परत गेली. "काही नाही तिथं. तूही आता फुल्या वाचून राहिली काय?"

मी वाद घातला नाही. फिल्म उचलली आणि सरळ सर्जनकडे नेली. त्या कामगाराचं ऑपरेशन झालं, तो वाचला. तुम्हाला त्याचं कोणी काही सांगितलं नाही, आणि तुम्ही विचारलंही नाही. मला त्याचंच जास्त भय वाटलं. एरवी तुम्ही प्रत्येक पेशंटचं पुढं काय झालं ते विचारायच्या.

त्याच रविवारी तुमच्याकडे जेवायला होते. तुमच्या थोरल्या ताईंनी स्वयंपाक केला होता. तुम्ही दोघीच त्या घरात. पानं वाढली, आपण जेवू लागलो, आणि तुम्ही एकदम म्हणालात, "ताई, चटणी, लिंबू काहीच काहून वाढलं नाही?" ताई चपापल्या. चटणी होती, कोशिंबीर होती, लिंबाची फोड होती, सगळी पानाच्या डाव्या बाजूला, जिथं असायला हवी तिथं, न उष्टावलेली. तुम्ही उजवी बाजू चाटूनपुसून संपवली होती. वरणभाताच्या मुदीचासुद्धा उजवाच अर्धा खाल्ला होता, सुरीनं कापल्यासारखा. ताई माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "हिचं असंच चालून राहिलं हल्ली. अर्धं टाकते, अन् वाढलं नाही म्हणते." मी हात पुढे करून तुमचं ताट फिरवलं. तुम्ही खाली बघितलं आणि आनंदानं म्हणालात, "हं! हे केव्हा वाढलं?" आणि चटणीला बोट लावलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिनिअरचं चुकांचं पाकीट उघडलं. ती निरोगी डोक्याची फिल्म उजेडावर धरली. मेंदूच्या वरच्या, मागच्या भागात, फिल्मच्या डाव्या अंगाला, एक काळपट डाग पसरला होता आणि भोवतालचा भाग सुजून मधली रेघ ढकलली गेली होती. खालच्या चित्रांत, डोक्याच्या मागे, कुठल्यातरी धातूचे पांढरे फराटे. मी टेक्निशियनला बोलावून विचारलं, हे कोणाचं डोकं. त्यानं फराट्यांकडे बघून लगेच सांगितलं, "थे तर मॅडमचं आहे न. अंबाड्यातला एक आकडा काढायचा राहून गेलता."

आमच्या फिल्मवर पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे मी आजही मुलांना पहिल्या दिवशी शिकवते. तुमचं दुखणं मेंदूच्या उजव्या अर्ध्यात उगवलं होतं. त्यानं तुमच्यासाठी जगाची डावी बाजू मिटवून टाकली होती, आणि फिल्मवर ते स्वतः नेमकं त्याच मिटलेल्या बाजूला जाऊन बसलं होतं. तुम्ही त्याच्याकडे बघत होता आणि ते तिथं नव्हतं.

मी ती फिल्म उलटी करून पेटीवर लावली आणि तुमची वाट बघत उभी राहिले.

"उलटी लावली वं," तुम्ही खुर्चीत बसताबसता म्हणालात. फिल्मवरची अक्षरं आरशात दिसावीत तशी दिसत होती.

"हो मॅडम. आज तशीच वाचा."

"काहून?"

"वाचा ना."

तुम्ही पुढे झुकलात, आणि तुमचा चेहरा बदलला. चष्मा काढलात, पुन्हा लावलात. "हे कोणी पाहिलं आधी? नॉर्मल म्हणून सोडलं असेल तर त्याले घरी पाठव." मग तुम्ही वाचू लागलात. गाठ मेंदूच्या आतूनच उगवलेली. कडा धूसर, म्हणजे चांगल्या जातीची नाही. सूज किती, दाब कुठवर, पुढे कुठल्या बाजूला सरकेल. मशीननं नुसत्या फुल्या मारल्या होत्या, तुम्ही त्या डागाचं मागचं-पुढचं सगळं आयुष्य सांगत होता. "फिल्म उलटी, म्हणजे पेशंटची उजवी बाजू. याचे डोळे चांगले असतील, पण डावीकडे काही आहे हेच याच्या मनात येत नसेल. पानातलं अर्धं जेवत असेल. कोणी सांगितलं तर चिडत असेल. याले स्वतःले तर काहीच झालेलं नाही न." जरा थांबून तुम्ही विचारलं, "घरी कोण आहे याच्या?"

"मोठी बहीण आहे," मी म्हणाले.

तुमची नजर खालच्या चित्रांवर गेली. "आणि हा आकडा कोणी काढला नाही डोक्या..." तुमचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला आणि तिथंच राहिला.

मग तुम्ही म्हणालात, "सरळ कर." मी फिल्म सरळ केली. तुम्ही बघत राहिलात. "गेली," तुम्ही म्हणालात. "उलटी कर." मी केली. "आली." पुन्हा सरळ. "गेली." किती वेळा ते केलं कोण जाणे. तुमच्या आवाजात रडं नव्हतं, एखादं मूल दार उघडून-लावून बघतं तसं चाललं होतं. शेवटी तुम्ही माझं मनगट धरलंत. "तुले दिसून राहिलं ते मले काहून नाही दिसून राहिलं वं? माहीत आहे तरी?"

मुंबईला ऑपरेशन झालं. काढता आली तेवढी गाठ काढली, बाकीची राहिली. तुम्ही घरी आलात, पलंगाला टेकून बसू लागलात, बोलणं अगदी स्वच्छ. मी रोज येऊन उजव्या हाताच्या खुर्चीवर बसायची. एक दिवस तुम्ही म्हणालात, "लोकांले वाटते मले अर्धं जग दिसते. तसं नाही. मले पूर्णच वाटते. काही कमी नाही. थेच भयंकर आहे." मग एकदम तुमच्यातली मास्तरीण जागी झाली. "आज तू डावीकडे बस. पाहू, नाहीशी होते काय."

मी उठून पलंगाला वळसा घातला आणि डावीकडे, तुमच्या हाताला हात लागेल इतक्या जवळ, बसले. तुम्ही समोर बघत होता. आधी हसू होतं चेहऱ्यावर, मग ते विरलं. आपण काय करत होतो हेच तुम्ही विसरलात. थोड्या वेळानं आत हाक मारलीत, "ताई, थे पोरगी गेली काय? सांगूनही नाही गेली." ताई दारात आल्या आणि आम्हा दोघींकडे बघत तशाच उभ्या राहिल्या.

"मी इथंच आहे मॅडम," मी म्हणाले.

तुम्ही माझा आवाज ऐकलात. मान वळवलीत, उजवीकडे, त्या रिकाम्या खुर्चीकडे, आणि तिच्याकडे बघून मायेनं म्हणालात, "आहेस न? मले वाटलं गेली." आणि तिच्याशी बोलत राहिलात. मी काय वाचते, नीट जेवते की नाही, लग्नाचं काय ठरवलं. मी डावीकडून उत्तरं देत होते आणि तुम्ही त्या खुर्चीकडे बघून मान डोलवत होता. त्या अर्ध्या तासात मला स्वतःचीच खात्री वाटेना. मी माझा पंजा दुसऱ्या हातानं दाबून बघितला.

पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात. इंजिनिअर आला होता, दूर उभा राहून रडत होता. त्याचा प्रोग्रॅम पुढं कोणी वापरला नाही, कारण चांगल्या डोक्यांवर तो शेवटपर्यंत फुल्याच उठवत राहिला. तेव्हा मशीन जिंकलं असं मी म्हणू शकत नाही, आणि तुम्ही हरलात असं तर मुळीच नाही. मशीनला चूक-बरोबर दोन्ही सारखंच. आपल्याला मात्र नीट दिसत असल्याची खात्री असते, आणि ती खात्री दिसेनासं झाल्यावरही जात नाही. काल विचारणाऱ्या त्या मुलीला मी हे सांगायला हवं होतं. उद्या सांगेन कदाचित, तुमचा उल्लेख न करता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. ताईही गेल्या, त्या घरात आता दुसरंच कोणी राहतं. एक गोष्ट मात्र मी तेव्हा तुम्हाला सांगितली नाही, आणि नंतर कोणालाच नाही. त्या सकाळी तुम्ही ती फिल्म वाचत होता. ती कोणाची आहे ते मला ठाऊक होतं, शेवट काय होणार तेही ठाऊक होतं. पण कित्येक आठवड्यांनी तुमचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा भरदार झाला होता, एकेक कड, एकेक सूज तुमच्या बोटाखाली उलगडत होती, आणि मी मागे उभी राहून ऐकत होते. मॅडम, त्या वेळी मला फार आनंद झाला होता.