अपूर्वचं घर

२ जून
अविनाशदादाचा पुण्याहून फोन. आईला जाऊन महिना झाला, आता अपूर्वचं काय? "मिताली, एक तर तू ने, नाहीतर मी नेतो. एकटा कसा राहील तो?"
चौतीस वर्षांचा आमचा धाकटा भाऊ. पिशव्यांच्या कार्यशाळेत कामाला जातो. डोकं जरा सावकाश चालतं, म्हणून त्याचं सगळं आम्हीच ठरवत आलो.

९ जून
दादा आला. पनवेलच्या घरी बसलो तिघं. दादा म्हणे, पुण्यात वेगळी खोली देतो. मी म्हटलं, करंजाड्याला माझ्याकडेच बरा. तावातावाने भांडलो — त्याला कोण जास्त चांगलं ठेवेल यावर!
अपूर्वने कुकर लावला होता. गॅस बंद केला आणि म्हणाला, "माझं घर हे आहे. मी कुठे जाणार नाही. तुम्ही यायचं."
दादाने विचारलं, "आणि आजारी पडलास तर?"
"तुला ताप आला की तू वहिनीला हाका मारतोस. मी ताईला फोन करीन."
शेवटी ठरलं. बिलं, सोसायटी दादाकडे. बुधवारी-रविवारी मी जायचं. रोज संध्याकाळी त्याने फोन करायचा. त्याने स्वतःची एक अट घातली — "बेल वाजवून यायचं."
तेव्हापासून त्याचा तो ठाम आवाज कानात आहे. आई हवी होती ऐकायला!

१७ जून
फोन नाही! रिक्षा करून धावले, किल्लीने दार उघडलं. साहेब टीव्हीसमोर घोरत होते!
"ताई, बेल वाजवायची ठरलं होतं ना?"
"आणि फोन करायचं?"
त्याने कान पकडले. मीही पकडले.

१ जुलै
अपूर्वने केलेली भाजी खारट. मुकाट्याने खाल्ली.

६ ऑगस्ट
शेजारच्या कुमुदकाकूंना चक्कर आली. अपूर्वने रिक्षा थांबवली, दवाखान्यात नेलं, त्यांचा मुलगा येईपर्यंत जागचा हलला नाही. काकू मला म्हणाल्या, "अगं, मला वाटायचं, याच्यावर लक्ष मी ठेवायचं!"
दादाला सांगितलं. तो नुसता "आपला अपूर्व... आपला अपूर्व" करत राहिला.

२२ सप्टेंबर
आज अपूर्व माझ्याकडे आला. सोबत कादंबरी नावाची मुलगी — कार्यशाळेत त्याच्या शेजारी बसून पिशव्या शिवते ती. "ताई, आम्ही लग्न करतोय. तिचे आईबाबा हो म्हणाले. दादाला दिवाळीनंतरची तारीख चालेल का, तेवढं विचार."