तुझा पिकअप आणि माझा पाय

प्रिय ठकू,

पत्र लिहितोय म्हटल्यावर तुझी आई म्हणाली, सरळ फोन करा की. पण फोनवर तू बोलतेस आणि मी नुसतं "हो, हो" करतो, हे तुलाही ठाऊक आहे. शिवाय तिथे तू मला मध्येच तोडशील आणि मला पूर्ण बोलायचंय. मोठ्या सभागृहातला तुमचा पहिला कार्यक्रम तोंडावर आलाय आणि तुझी बँडमधल्या सगळ्यांशी जुंपली आहे, ही खबर इथवर पोचली. भांडण कशावरून, तर तुझ्या गिटारवर ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली टेकतात तिथे, बसवलेल्या पिकअपवरून, तारांचा आवाज पकडून अँप्लिफायरला देणाऱ्या त्या एवढ्याशा डबीवरून. तेव्हा या बापाचंही जरा ऐकून घे.

खबर आणली तुमच्या ड्रमवाल्या ढोल्याने. सुट्टीला आला होता, माळ्यावरचा जुना अँप्लिफायर न्यायला घरी डोकावला. माझ्याशी सगळेच ओरडून बोलतात, हा पठ्ठ्या तर शेजाऱ्यांनाही सामील करून घेतो. म्हणाला, काका, आता तुम्हीच सांगा तिला. पिकअप दणदणीत आहे, एकटी वाजवते तेव्हा झकास. पण आम्ही सगळे सुरू झालो की तो बेस गिटारच्या अंगावर जाऊन बसतो, नुसता लगदा होतो. त्या हॉलमध्ये तिची एक तार वेगळी ऐकू यायची नाही. बदल म्हटलं की वाघिणीसारखी अंगावर येते, आणि का बदलत नाही ते काही केल्या सांगत नाही.

मी उखडलोच. अरे, माझ्या मुलीने निवडलाय तो! आणि खरं सांगायचं तर निवडताना मीही तिथे हजर होतो, ही गोष्ट मी बिल्डिंगभर करून ठेवली आहे. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना तर जिन्यात अडवून हंबकर म्हणजे काय ते समजावलंय, जसं तू मला समजावलं होतंस: शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीची घरघर दुसरी खाऊन टाकते आणि बाहेर फक्त तारेचा आवाज येतो. म्हणजे मी आणि तुझी आई, असं मी पुढे जोडलं. मास्तर हसले, तुझी आई नाही हसली. बाकी ब्रिजपाशी तार जखडलेली असते, म्हणून तिथला आवाज मुळातच बारीक आणि धारदार, हेही मला पाठ आहे. गिटारला हात लावता येत नसला म्हणून काय झालं, गिटारवालीचा बाप आहे मी.

ढोल्याला गप्प करायचं म्हणून मी साक्षीदार गाठायला निघालो. आपला तो गिटार दुरुस्त करणारा, कारागीर. आठवतं ना त्याचं दुकान? खाली चपलांचं दुकान, वर तो अरुंद जिना, भिंतीवर तारा काढलेल्या गिटारी. त्याची ती तऱ्हा, की पिकअप निवडायला आलेल्याने पाठ करून बसायचं, कारण डोळ्यांनी डबी पाहिली की कान तिचंच ऐकतात. त्या दिवशी तू मला सोबतीला म्हणून नेलंस आणि स्टुलावर पाठ करून बसवलंस मलाच. तू माझ्यासमोर खिडकीच्या कट्ट्यावर. कारागीर मागे एकेक पिकअप लावून तुझ्याच गिटारवर वाजवत होता. मला वाटलं, पोरगी कंटाळली, नुसती खाली बघत बसलीये. मग अचानक तू उठलीस आणि म्हणालीस, हाच. मला तर तुझं भारी कौतुक वाटलं. एवढ्या आवाजांतून एका क्षणात एक उचलायचा म्हणजे कान काय तयार असेल!

तर कारागिराला मी म्हटलं, तुम्ही सांगा त्या पोरांना, माझ्या मुलीचा कान कसा आहे तो. त्याने हातातली सोल्डरिंगची सळई खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, काही तुटलंबिटलं की काय. म्हणाला, कान तिचा फार चांगला आहे. त्या दिवशी ती आधी एकटी येऊन गेली होती, स्वतः पाठ करून बसली होती, आणि तिने दुसराच निवडला होता. कॉइलला तारेचे कमी वेढे असलेला, स्वच्छ, धारदार. मग म्हणाली, थांबा, बाबांना आणते. तुम्ही स्टुलावर बसलात आणि ती पूर्ण वेळ तुमच्या पायाकडे बघत होती. तिचा आवडता लावला तेव्हा तुमचा पाय ढिम्म. तो जाड, भरपूर वेढ्यांचा लावला आणि तुम्ही ठेका धरलात.

ठकू, मी त्या जिन्यावर बराच वेळ बसून होतो. चपला घ्यायला आलेली माणसं बाजूने जात होती. खिळ्यांच्या कारखान्यात यंत्रांशेजारी माझं उभं आयुष्य गेलं, आणि वरच्या पट्टीतले आवाज तिथेच राहिले, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, मी सोडून. ते कानातलं यंत्र म्हणजे म्हाताऱ्यांचं लेणं, मी लावणार नाही, असं म्हणत मी तुझ्या आईला दमवलं. आणि तू वाद न घालता तुझा आवाज उचलून माझ्या कानाला पोचेल तिथे आणून ठेवलास. वर सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्यास आणि तोंडातून चकार शब्द काढला नाहीस. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मान ताठ झाली. अशी मुलगी आहे माझी.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तुझ्या आईने विजयी चेहऱ्याने सोबत केली. यंत्र लावलं आणि कळलं की पेपरचं पान उलटलं की आवाज होतो, आणि तुझी आई स्वयंपाक करताना स्वतःशी बोलते, त्यातलं बरंचसं माझ्याबद्दल असतं. थोडी सवय झाल्यावर परत कारागिराकडे. स्टुलावर बसलो, पाठ केली. त्याच्याकडच्या गिटारवर त्याने आधी माझा लाडका जाडजूड वाजवला. चांगलाच आहे, पण गोधडी पांघरून बोलल्यासारखा. मग दुसरा लावला. अगं, सहाच्या सहा तारा वेगवेगळ्या! बोट तारेवरून सरकतं तेव्हा तार कुरकुरते, हे मला या वयात कळलं. तू इतकी वर्षं शेजारच्या खोलीत हे वाजवत होतीस आणि मी दाद देत होतो अर्ध्यालाच. कारागीर म्हणाला, मागे वळून बघायचंय का कुठला ते? मी म्हटलं, नको, माझा पाय बघा.

पत्रासोबतचं खोकं उघड. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलाय तो तुझा पिकअप, तू एकटी गेली होतीस तेव्हा निवडलेला. कार्यक्रमाआधी बसवून घे आणि ढोल्याला सांग, काकांनी निरोप पाठवलाय की तुझं बरोबर होतं. माझ्यासाठी तू काय सोडलं होतंस, ते मला कळलंय. आता ते सोडायची गरज नाही. त्या दिवशी आम्ही दोघं समोरच बसणार आहोत, तुझी आई माझ्या डाव्या हाताला. तू मात्र वाजवताना माझ्या पायाकडे बघू नकोस. मला आता सगळं ऐकू येतं.

तुझाच, यंत्र लावून बसलेला,
बाबा