श्वास ओढण्याचा शब्द कोणाचा

रॉटरडॅम, मंगळवार

पण तिओ एर्सिलिओ, मी तुम्हाला खोटारडा कधी म्हणालो? (रुत्मिला माझी सख्खी बहीण असली तरी चुगलखोर आहे.) आधी आशीर्वाद द्या, मग शिव्या. तब्येत बरी असेलच. आपण आपल्या बेटाच्या भाषेत, पापियामेंतूत, श्वास ‘ओढतो’, कारण बोट वाळूवर ओढणाऱ्या आपल्या बोका गावच्या कोळ्यांनी तो शब्द घडवला, हे तुम्ही मला दूधपित्या वयापासून सांगत आलात. मी इतकंच म्हणालो, की इथले डचही जवळपास तसंच बोलतात, तेव्हा शब्द त्यांच्याकडूनही आला असेल. त्यावर काकानं पुतण्याचा फोन तीन महिने घेऊ नये?

आता ऐका. परवा गोदीवाल्यांनी आम्हा रंगाऱ्यांना छाती तपासून घ्यायला बोलावलं. (मी रंगारीच आहे, ‘साहेब’ नाही, रुत्मिलानं गावात काय उठवलंय देव जाणे.) डच नर्सबाईनं हातात यंत्राची फुंकायची नळी दिली नि तिच्या भाषेत म्हणाली, श्वास ओढ. हुबेहूब आपल्यासारखं! मी हबकलोच. म्हटलं, बाई, हा शब्द आमचा. ती म्हणाली, बाळा, माझी आजीसुद्धा असंच म्हणायची. आता तुमची लाज राखायला नको? मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे भिंतीला पाय रोवले, आणि बोट ओढणाऱ्या कोळ्यांची हाक देत देत तीन हिसक्यांत श्वास ओढला. बाई किंचाळली. नळी यंत्रातून उपटून माझ्या हातात आली. शिवाय सगळी हवा हाकेतच खर्च झालेली, फुंकायला उरलं काय? नळी परत बसवून तिनं मला फुंकायला लावलं नि आकडा वाचला: या छातीचं वय एकाहत्तर.

तिओ, मी तेवीस वर्षांचा आहे! दुसऱ्यांदा गप्प राहून फुंकलं तेव्हा कुठे माझं वय मला परत मिळालं. पण तो आकडा डोक्यातून जात नाही. एकाहत्तर वर्षांचे तर तुम्ही आहात.

तुमचा,
जिल्मार

ता. क. रुत्मिला लिहिते, घरापासून पाण्यापर्यंत जाताना तुम्ही हल्ली तीनदा बसता, आणि वर तिलाच दटावता, “वाळू मऊ झालीय, तुला काय कळतंय?” वाळू तीच आहे, तिओ.

ता. क. २ शब्द तुमचा. बोकाचा, कोळ्यांचा, मान्य. गोदीत चारचौघांत तसं सांगेन, डच हसले तरी. फक्त तुम्ही शहरात जाऊन छाती दाखवा. हाक न देता. टॅक्सी आणि डॉक्टर मिळून रुत्मिलाकडे पाठवलेत एकशे ऐंशी युरो.