तिसरं शील

१२ नोव्हेंबर १९७५, सोनपेठ

आई गेली. तार आली तेव्हा मी वर्गावर होते. एस.टी.ने पोचेपर्यंत तिला नेलं होतं. तिचं लुगडं दोरीवर वाळत होतं, कुणी काढलं नव्हतं.

मामा परभणीहून माझ्या आधी पोचला. आईचा धाकटा भाऊ. सगळ्यांत मोठ्यानं तोच रडला म्हणे. मी त्याच्या पाया पडले नाही. गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

१३ नोव्हें.

जेवताना मामा दादाला म्हणाला, "सुमनला माझ्याकडं धाड. हितं काय शिकंल ती? तुझ्या भयनीला मीच शाळेत घातलं की. आज मास्तरीण हाय."

दादा म्हणाला, "तुमचे लय उपकार हायत मामा."

सुमन दादाची एकुलती एक. नऊ वर्षांची. मला मामाकडे ठेवलं तेव्हा मीही नऊचीच होते.

ताट तसंच सारलं.

१४ नोव्हें.

मामी कामाला गेली की मामा दार लावायचा. दोन वर्षं. बाकी लिहवत नाही.

आईला मी कधी सांगितलं नाही. एका दिवाळीला घरी आले, तिने परत धाडलं नाही. "हितंच शीक," एवढंच बोलली. का, ते मी विचारलं नाही. तिला कळलं होतं का? कळलं असेल तर भावाला दर वर्षी ओवाळायची कशी?

आता कुणाला विचारू.

१६ नोव्हें.

पुण्यानुमोदन, गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी. आमच्या जमातीत हा विधी मामाच चालवतो. आईचा फोटो, मेणबत्त्या. तो पंचशीलातलं एकेक शील म्हणणार, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पहिलं म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं, व्यभिचारापासून दूर राहण्याचं. मामाने ते खणखणीत म्हटलं. सुमननेही हात जोडून मागून म्हटलं. माझ्या तोंडून निघेना. उभी राहिले.

"मामा, हे तुमी म्हणू नका. मी लहान असताना दार लावून माझ्यासंगं काय केलं ते आठवा. सुमन तुमच्या घरी येणार न्हाई."

आवाज फार बारीक निघाला. पण सगळ्यांनी ऐकलं.

मामाने चौथं शील सुरू केलं, खोटं न बोलण्याचं. मागून कुणी म्हटलं नाही.

बाहेर शेजारची काशीआजी म्हणत होती, "चार बुकं शिकली अन् मोठ्यालाच शिकवायलीय."

१७ नोव्हें.

दादा : "आईच्या कार्यातच बोलायचं व्हतं का? इतकी वर्सं गप बसलीस की."

म्हटलं, इतकी वर्षं सुमन त्याच्या घरी जाणार नव्हती.

वहिनी भाकरी थापता थापता थांबली. "ताई, खरं हाय?"

"खरं."

तव्यावरची करपली.

पोलिसांत जाऊ म्हटलं, तर दादा म्हणाला, वीस वर्षांची गोष्ट, साक्षीला कोण? आधी जमातीच्या बैठकीत ठेवू. सुमनचं काय ते तिथंच ठरेल.

आज आईचं लुगडं घडी करून ठेवलं. फार रडले.

२३ नोव्हें.

विहारात बैठक. मामा मामीला घेऊन आला. म्हणाला, "पोरी नोकरीला लागल्या की डोक्यावर बसतात." दोघे-तिघे हसले.

म्हाताऱ्या कारभाऱ्यांनी मला विचारलं, "बाई, साक्ष कुणाची?"

म्हटलं, मामींना विचारा.

मामी भिंतीला टेकून होती. कारभारी म्हणाले, "सांगा माय. ही लेक खोटं बोलायलीय का?"

मामी हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. परत विचारलं.

मामा उठला. "चल. गाडी चुकंल."

ती उठली नाही.

"चल म्हणतो ना!"

कारभारी म्हणाले, आज राहू द्या, परत बसू. लोक उठले. वहिनीने सुमनचा हात धरला, आम्ही निघालो. दादा मागे रेंगाळला.

मी वळून पाहिलं. मामा चपला घालून दारात उभा. मामी भिंतीशी तशीच बसलेली.