बैठकीतला उतार

प्रिय ठमाबाई,

बैठकीची खोली सध्या उघडीबोडकी आहे. गालिचा गेला, त्याखालचं जुनं लिनोलियम गेलं, आणि सोफा स्वयंपाकघरात येऊन बसलाय. त्याच्याच पाठीवर कागद टेकवून लिहितेय, तेव्हा ओळी वर-खाली झाल्या तर समजून घे. नव्या लाकडी पट्ट्यांचे गठ्ठे तुझ्या खोलीत आहेत. मामा म्हणतो, लाकडाला आधी घरची हवा मानवू दे, घाईने बसवलं तर नंतर फुगून बसेल. म्हणजे जावयासारखंच! मामा रोज सकाळी येतो, गठ्ठ्यांवरून हात फिरवतो, माझ्या हातचा चहा पितो आणि जातो.

गालिचा काढायचं ठरलं ते बाबांच्या पडण्यामुळे, हे तुला ठाऊकच आहे. पहिल्यांदा पडले तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. दुसऱ्यांदा मनगट मोडलं आणि हसणं संपलं. चालताना त्यांचा झोक सारखा डावीकडे जायचा. डोक्याचा स्कॅन झाला, कान तपासून झाले, रक्त तर इतक्या वेळा काढलं की बाबा बाही वर करूनच आत जायचे. सगळं चांगलं आलं आणि मला जास्तच धडकी भरली. दुखण्याला नाव असलं तर माणूस त्याच्याशी भांडतो तरी. ज्यांनी उभा जन्म क्रेनच्या केबिनमध्ये काढला, वाऱ्यात हलणाऱ्या शिडीवरून डबा घेऊन चढले, ते आपल्याच घरात भिंत धरून चालायला लागले. मग त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. फाटकापर्यंतसुद्धा नाही. दिवसभर आतल्या खोलीत खुर्चीत. मी काही विचारलं की म्हणायचे, "इथे बरं वाटतंय." त्यांना बरं वाटत नव्हतं गं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलं, गालिच्यात पाय अडकतो, काढून टाका. मी तुझ्या मामाला बोलावलं. सख्खा भाऊ सुतार असण्याचा तोटा असा, की तो बहिणीलाही कामाला जुंपतो. गालिचा ओढून काढणं सोपं होतं. खालच्या फळ्यांवर मात्र पिनाच पिना! त्या राहिल्या तर नवी पट्टी नीट बसत नाही, म्हणून माझ्या हातात पक्कड देऊन मला गुडघ्यावर बसवलं. बाबा दारात खुर्ची टाकून स्क्रू निवडत होते. एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड. त्यांना काहीतरी काम द्यायचं म्हणून मामाने ते शोधून काढलं होतं. बाबांना ते कळलं होतं.

तेवढ्यात बाबांच्या मांडीवरून चिकटपट्टीचं रीळ पडलं. पडलं ते घरंगळत निघालं. मला वाटलं, थांबेल. कसचं थांबतंय! वेग घेत, कपाटाला वळसा घालून, थेट डाव्या कोपऱ्यातल्या भिंतीवर जाऊन आपटलं. मामाने उचलून परत दारात सोडलं. पुन्हा तिथेच. बाबा खुर्चीतून उठले. मामाला म्हणाले, "पाणसळ आण. लांबवाली." मामाने ती फळ्यांवर टेकवली, तर आतला बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला. बाबा वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणाले, "क्रेन एवढी कललेली असती, तर मी त्या दिवशी चढलोच नसतो." मग माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "अगं, मी नाही कललो. जमीन कललीय."

गालिच्याची जाड गादी आणि त्यावरचं आपलं सामान, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मामा म्हणाला, "ताई, तूसुद्धा तिथून जाताना कपाटाला हात लावूनच जातेस." खरंच की! मला वाटायचं, सवय आहे.

कोपऱ्यातल्या फळ्या उचकटल्यावर सगळं दिसलं. न्हाणीघराकडून येणाऱ्या पाइपचा जोड ठिबकत होता, कधीपासून कोण जाणे. त्याने खालची तुळई भिजून मऊ पडली होती आणि जमीन तिकडे बसत चालली होती. प्लंबरने जोड बदलला. मामाने खाली जॅक लावला आणि रोज थोडं थोडं वर उचललं, कारण एकदम उचललं तर भिंतीला तडे जातात. सरळ झाल्यावर जुन्या तुळईला लगटून नवी तुळई बोल्टने आवळली. कुजलेल्या फळ्या बदलल्या, पंखा लावून सगळं वाळवलं, सैल खिळ्यांच्या जागी स्क्रू पिळले, उंचवटे घासून काढले. ती दारापाशी करकरणारी फळीसुद्धा आता गप्प झाली. तू लपतछपत उशिरा घरी यायचीस, तेव्हा हीच चहाडी करायची.

पट्ट्या बसायच्या आधीच, त्या नुसत्या फळ्यांवरून बाबा चालले. दारातून खिडकीपर्यंत. मी मागे हात पसरून उभी, तर म्हणाले, "कोंबडी धरतेस का?" सरळ गेले गं. वळले आणि सरळ आले. मग डोळे मिटून चालून दाखवतो म्हणाले, तेव्हा मात्र मी ओरडले. दुसऱ्या दिवशी मामाबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले, आणि तेव्हापासून रोज जातात. डॉक्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी बाबांना पुन्हा चालवून बघितलं आणि विचारलं, "पडलात ते नेहमी त्याच खोलीत?" दोन्ही वेळा बैठकीतच, असं बाबांनी बोटं मोजून सांगितलं. गुडघे कुरकुरतात, पायऱ्या उतरताना कठडा लागतो, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात. ते वयाचं आहे, तेवढं राहणारच.

एवढं लांबण लावलं, कारण फोनवर मी "बाबा बरे आहेत" म्हटलं की तुला वाटतं, आई काहीतरी लपवतेय. म्हणून पाइपच्या जोडापासून बोल्टपर्यंत सगळं लिहिलं. तुझ्या मैत्रिणीचा मला फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, बिचारी रडत होती. तू भट्टी बसवायला येणाऱ्या माणसाला "येऊ नका" सांगितलंस, तुम्ही दोघी मिळून उघडणार होतात ती बेकरी तिने एकटीने चालवावी म्हणालीस, आणि बाबांना सांभाळायला कायमची इकडे यायला निघालीस. आम्हाला एका शब्दाने न विचारता. बाळा, तू आली असतीस तर मी अडवलं नसतं, हेही खरं. भिऊन गेले होते मी. पण आता नाही भीत. भट्टीवाल्याला आजच फोन कर. दुकान उघडशील त्या दिवशी आम्ही दोघं येऊ, आणि स्टेशनपासून चालत यायचं, असं बाबांनी मला आत्ताच बजावलंय.

तुझीच,
आई