मनगटावरचं बटण

आई,

तुला पणती झाली. बुधवारी दुपारी, खालापूरच्या दवाखान्यात, सिझरने. दोघी खुशाल आहेत, हे आधी सांगून टाकते, नाहीतर तू पुढचं काही नीट ऐकायची नाहीस. सिझर करावं लागेल असं कळल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. पोट कापण्याची नव्हे, मला भीती होती उलट्यांची. तुझ्या नातीला दिवस गेल्यापासून पाणीसुद्धा टिकत नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांपुढे सारखं माझंच बाळंतपण यायचं.

त्या दिवसाबद्दल आपण दोघी धड कधी बोललोच नाही. कशेळ्याहून जीपने आपण कर्जतला गेलो. ‘काही खायचं-प्यायचं नाही’ असं बजावून डॉक्टर पाठमोरे होतात न होतात तोच तू पदराआड डबा उघडलास. "उपाशी पोटी कशी जाशील गं? नुसती पेज हाय, तिला कोण खाणं बोलतं?" तुझ्यापुढे कुणाचं चाललंय! मी प्यायले. मग पाठीत इंजेक्शन, कमरेखालचं सगळं बधिर, डोकं मात्र टक्क जागं, आणि पोटातून उमाशांवर उमासे. नर्स बाळाला माझ्या गालाशी आणते, "मुलगी आहे, बघा तरी," म्हणते, आणि मी तोंड फिरवून ट्रेमध्ये ओकते आहे. माझ्या पोरीला आधी तू पाहिलंस. मी पाहिली तेव्हा ती दुपट्यात गुंडाळून शांत झोपली होती, कुणाकडे तरी पाहुणी आल्यासारखी. फार वाईट वाटलं होतं मला, आई. अजून वाटतं.

तू मात्र ते कायमचं स्वतःला लावून घेतलंस. बाळ बघायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगायचीस, "माजीच पेज नडली पोरीला. तोंड नाय बघू दिलं लेकीचं." अगदी अंथरुणाला खिळल्यावरही एकदा तेच काढलंस. मी ‘जाऊ दे गं’ म्हणायचे. तसं काही नाही, असं म्हणता येत नव्हतं, कारण मलाही तेच वाटत होतं.

आता मंगळवारी, पोरीच्या सिझरच्या आदल्या दिवशी, भूल देणाऱ्या डॉक्टर तिला तपासायला आल्या. वयाने तिच्याहून थोड्याच मोठ्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पेजेसकट. त्या आधी मला रागावल्या. "असं काही द्यायचं नसतं काकू, भलताच धोका असतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण उलट्या पेजेनेच झाल्या असं काही नाही. पाठीत भूल दिली की रक्तदाब उतरतो, आत पिशवीला हात लागला की ढवळतं. कडकडीत उपाशी बायकांनाही होतं." मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि खरंच सांगते, रडले. तू हवी होतीस तेव्हा तिथे. तुझ्या हाताला धरून त्यांच्यापुढे उभी केली असती.

सकाळी सिस्टरने पोरीच्या हातातला हिरवा चुडा उतरवायला लावला आणि दोन लवचिक पट्टे माझ्या हातात दिले. "हे चढवा तिच्या मनगटांवर, मळमळ कमी व्हायला." पट्ट्याला एक प्लास्टिकचं बटण. मी आपली हौसेने चढवले, बटण वर, छान दिसेल असं, दोन्ही हातांना सारखं. जावई मोहोपाड्याला कारखान्यात पाळीवर अडकलेले, म्हणून पोरीच्या उशाशी बसायला मला ऑपरेशनच्या खोलीत घेतलं. भूलवाल्या डॉक्टरांनी मनगटं पाहिली आणि मास्कआडून हसायलाच लागल्या. "काकू, राखी बांधलीत की काय?" बटण आतल्या बाजूला हवं होतं म्हणे, मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं सोडून, दोन शिरांच्या मधे. त्यांनी ते फिरवून नीट बसवलं. पोरगी सकाळपासून पहिल्यांदा हसली. "औषध देणारच आहे," त्या म्हणाल्या, "हे जोडीला. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण बिघडत काही नाही."

ऑपरेशन चालू असताना मधेच पोरगी म्हणाली, "आई, मळमळतंय गं." डॉक्टरांनी सलाईनमधून काहीतरी सोडलं आणि मला म्हणाल्या, "बटणावर अंगठा दाबून धरा." मी धरला. देवाचं नाव घ्यायचंही सुचलं नाही, नुसती दाबत राहिले. पोरगी लांब श्वास घेत होती. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी गेली. औषधाने गेली, बटणाने गेली की दोन्हींनी, कोण जाणे, मला त्याचं काय करायचंय! नर्सने बाळ आणलं, गालाला लावलं, आणि माझ्या लेकीने मान वळवून तिच्या तोंडाकडे पोटभर पाहिलं.

तू आता नाहीस, तेव्हा हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. आता आळीतल्या बायका विचारतात, बाळ कुणावर गेलंय? मी ठोकून देते, अगदी माझ्या आईवर. पण तुला म्हणून सांगते. त्या वेळी मी बाळाकडे पाहिलंच नाही. मी माझ्या पोरीकडेच बघत होते.