कोंबडा काही हिरवा होईना

३ मार्च, सकाळ
चौकातल्या जुन्या इमारतीच्या छपरावरचा कोंबडा वादळात पडला. तांब्याचा होता, वारा येईल तिकडे तोंड फिरवायचा. मुलाने आमच्या तांबटकामाच्या दुकानात नवा ठोकून केला, झकास. पण इमारतीची डागडुजी बघणारी इंजिनियरबाई म्हणते, बाकी तांब्याचं छप्पर जुनं होऊन हिरवंगार आणि हा एकटाच लालभडक, कसं दिसेल? वीस तारखेपर्यंत हिरवा करून द्या. मुलाचं तोंड उतरलं. म्हटलं, मी आहे ना.

दुपार
सून म्हणते, आईंनी आता दुकानात येऊ नये, दिसत नाही, सारख्या ठेचकाळतात. मुलाने तोड काढली. आईच्या हातून कोंबडा हिरवा झाला तर आई दुकानात, नाही तर घरी. म्हणजे मी जिंकलेच.

५ मार्च
तांब्यावर चढतो तो हिरवा कीट म्हणजे जंगाल. सून त्याला घाण म्हणते. सासरे सांगायचे, पूर्वीचे चितारी जंगाल घोटून चित्रातली झाडं रंगवायचे. पुढे त्या हिरव्याने कागदच खाल्ला, पानांच्या जागी भोकं. वैद्य मलमात घालायचे. एवढी जोरदार वस्तू, आणि घाण! कोंबड्याला मीठ आणि व्हिनेगर चोळून पोत्यात गुंडाळला. दोन दिवसांत काम फत्ते.

८ मार्च
काळा झाला. कावळा दिसतो. मुलाला सांगितलं, आधी काळाच होतो. होत असणारच.

९ मार्च
आठवलं. पूर्वी मूतसुद्धा वापरायचे. मुलाला सुचवलं तर म्हणाला, आई, दुकानात गिऱ्हाईकं येतात. म्हटलं, मग गिऱ्हाइकांचंही चालेल. कुणी हसलं नाही. या घरात विनोद कळत नाही.

१२ मार्च
हिरवा आला!! मुलाला हाक मारली. त्याने बोट लावलं, हिरवं सगळं बोटाला. मग फुंकर मारली, उरलंसुरलं जमिनीवर. फुंकर मारायची काय गरज होती?
जमिनीवरचं वाया कशाला घालवा, तेलात कालवून टाचेच्या भेगांना लावलं.

१३ मार्च
टाच पेटली आहे. औषध लागू पडतंय.

१५ मार्च
सून म्हणते, बाटलीत केमिकल मिळतं, फवारलं की हिरवं. म्हटलं, मग बाटलीलाच सासू म्हण. मुलगा खाली मान घालून पत्रा कापत बसला. लंगडत घरी आले. टाचेमुळे.

१९ मार्च
जमलं! पिंपाच्या तळाशी व्हिनेगर, वर कोंबडा टांगला, झाकण घट्ट. तीन दिवस वाफ खात होता. शेवाळासारखा हिरवा. फुंकरा मारा, बोटं लावा, ढिम्म हलत नाही. सुनेने जवळ येऊन बघितलं. मग म्हणाली, छान झालाय हो, आई. मी लक्ष दिलं नाही. पुन्हा म्हणेल म्हणून थांबले, पण गेली.
उद्या अकराला इंजिनियरबाई. पुढच्या महिन्यापासून दुकानातली नवी कामं मीच घ्यावीत असं मनात आहे.

२० मार्च, दुपार
लवकर गेले. दुकान झाडलं, बाक पुसला. वेळ उरला. लिंबू, मीठ, काथ्या हाताशी होतेच. गिऱ्हाईक यायच्या आधी माल घासून लख्ख ठेवायचा, लग्न झाल्यापासून हेच करत आले. डोक्यात पुढच्या कामांचे विचार, हात आपले चालू. मुलगा आला आणि दारातच थांबला. म्हटलं, असा काय बघतोस? मग मीही खाली बघितलं. कोंबड्यात माझं तोंड स्वच्छ दिसत होतं.
त्याने बाईंना फोन करून संध्याकाळी यायला सांगितलं.

रात्री
सुनेने बाटली आधीच आणून ठेवली होती, कपाटात. फवारला, वाळवला, पुन्हा फवारला. चहापर्यंत हिरवा. बाई खूष. सून मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

२१ मार्च
दुकानात जायचं नाही असं मीच ठरवलं. मुलाला सांगणार तेवढ्यात तो म्हणाला, आई, आजपासून आराम कर. म्हटलं, मी तरी कुठे येणार होते.
गेले दोघं. आवरून झालं. भांडी घासावीत म्हटलं, तर तांबटाच्या घरात सगळी स्टीलची. तीही सून घासून गेली होती.